कोरं पाणी

लल्ला शेदलियाचं एक ठाम मत होतं. देवानं जगात पाणी दोनच प्रकारचं केलं: एक तिच्या भांड्यातून उतरलेलं आणि दुसरं उरलेलं सगळं. आता ट्युनिशियातल्या नाबुल गावात हे मत प्रत्येक बाईचं असतं, फक्त भांडं जिचं तिचं. एप्रिलात कडू नारिंगीची फुलं उतरली, की घरोघरी तांब्याची अर्काची भांडी चुलीवर चढतात. मग पंधरा दिवस गावात दुसरं बोलणं नाही, आणि जी ती शेजारणीच्या फुलपाण्याचा वास घेऊन नाक मुरडते.

शेदलियाचं भांडं तिच्या आजीचं. खाली पोटाळ हंडा, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला लांब नळी, आणि नळीखाली थेंबथेंब भरणारी काचेची बाटली. साखरपुड्याच्या कॉफीत, बाळंतिणीच्या अंघोळीत, ईदच्या मिठाईत गल्लीला तिचंच पाणी लागायचं. भिंतीपलीकडे तिची नणंद मन्नूबिया राहायची. तिचंही भांडं तसंच, तितकंच जुनं. दोघींचं वाईट नव्हतं हो. शुक्रवारच्या कुसकुसचं ताट न चुकता भिंतीवरून इकडून तिकडे जायचं. पण फुलपाण्याचा विषय निघाला की शेदलिया म्हणायची, "मन्नूबियाचं पाणी छानच असतं, फरशी पुसायला." मन्नूबिया काही म्हणायची नाही. ती फक्त भावजयीकडे कॉफी प्यायला जाताना स्वतःची छोटी बाटली पर्समध्ये घेऊन जायची, आणि हे जास्त लागायचं.

शेदलियाची मुलगी विदाद ट्युनिसच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होती. तिनं एक रेणू बनवला होता. साध्या पाण्यात टाकला तर हा रेणू ढिम्म. पण पाण्यात तांब्याचा नखाएवढा जरी अंश असला, तरी हा त्याला नेमका जाऊन चिकटायचा, आणि जांभळ्या दिव्याखाली धरलं की पाणी हिरवंगार चमकायचं. दुसऱ्या कुठल्याही धातूकडे तो ढुंकून बघायचा नाही. या रेणूपायी विदादच्या तारुण्याची ऐन वर्षं गेली होती. एक चांगलं स्थळही गेलं होतं. स्थळाचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. रेणू जाता कामा नव्हता.

आणि मे महिन्यात तोच जायला निघाला.

त्याचं असं झालं. अशा तपासणीत प्रत्येक वेळी एक कोरं पाणी ठेवावं लागतं. त्यात काहीच नसतं, म्हणून त्यात रेणूनं गप्प बसायचं असतं. कोरंच चमकलं तर बाकीच्या सगळ्या चमकण्याला काडीची किंमत नाही. विदादचं कोरं पाणी चमकायला लागलं, तेही थोडंथोडकं नाही, चांगलं मशिदीच्या मिनारासारखं हिरवं.

तिनं काचेची भांडी बदलली. साबण बदलला. दिवा बदलला. अंगात घातलेला कोट बदलला. शेवटी रेणूच बिघडला असेल म्हणून तो सगळा पहिल्यापासून पुन्हा बनवला. कोरं पाणी चमकतच राहिलं. तिचे मार्गदर्शक सी बशीर, म्हणजे बशीरसाहेब, मोठे मायाळू गृहस्थ, पण संकट आलं की छताकडे बघायची त्यांना सवय. ते बरेच दिवस छताकडे बघत होते. मग एकदा खाली बघून म्हणाले, की जूनमध्ये प्रबंधाची परीक्षा आहे, कोऱ्या पाण्याचं काही जमलं नाही तर आपण ती पुढे ढकलू, वर्षभर. विदाद स्वच्छतागृहात जाऊन रडून आली.

तिनं सगळं बदललं, पण पाणी बदललं नाही. वाचणाऱ्यानं कपाळाला हात लावू नये. या बाईला अक्कल नव्हती असं नाही. एप्रिलात प्रयोगशाळेचं पाणी शुद्ध करायचं यंत्र जळालं होतं, नवं यंत्र कुठल्याशा समितीपुढे अडकलं होतं, आणि हे रडगाणं विदादनं घरी गायलं तेव्हा शेदलिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं विचारलं, नाबुलची मुलगी एप्रिलात वाफेच्या पाण्यासाठी रडते? शाळेत हेच शिकवतात का तुम्हाला? पाणी उकळायचं, वाफ धरायची, गार करायची. यात सरकारचा काय संबंध?

फुलांचा हंगाम आटोपल्यावर तिनं खास विज्ञानासाठी भांडं लिंबू आणि मीठ लावून आतून-बाहेरून घासलं. इतकं घासलं, की आतून ते नवरीच्या मेंदीसारखं लालभडक दिसायला लागलं. मग त्यात फुलं न घालता नुसतं पाणी चढवलं आणि मोठाले कॅन भरून मुलीबरोबर ट्युनिसला पाठवले. प्रयोगशाळेत सगळ्यांनी वाहवा केली. सी बशीर यांनी दोन बोटं पाण्यात बुडवून आईला सलाम सांगितला. असं पाणी. त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे आईवर घ्यायची, आणि नाबुलमध्ये असली शंका कुणाच्या डोक्यात उगवतच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

उलगडा केला तो लस्सादनं, आणि तोही नकळत. लस्साद शेजारच्या टेबलावर शिसं पकडणारा रेणू शोधत होता आणि सापडत नव्हता म्हणून दिवसभर चहा करत होता. चहाला पाणी त्याच कॅनमधलं. चव वेगळीच लागते, घरची माया आहे, असं तो म्हणायचा. एक दिवस कॅन संपला. विदादनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा तो मुकाट्यानं खाली जाऊन पेट्रोल पंपावरून गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी घेऊन आला. चिडलेल्या विदादनं तेच ओतलं, रेणू टाकला, दिवा लावला.

अंधार. मिट्ट काळोख. कोरं पाणी कोऱ्यासारखं गप्प बसलं होतं.

विदादनं आईच्या रिकाम्या कॅनकडे बघितलं. मग लस्सादनं आपल्या पोटावर हळूच हात फिरवला.

त्या आठवड्यात विदाद घरी गेली ती पिशवीत रेणूची कुपी आणि जांभळा दिवा घेऊन. भर दुपारी घरात काळोख कुठे मिळणार? म्हणून मायलेकी घोंगडी पांघरून स्वयंपाकघरात बसल्या. विदादनं यंदाच्या फुलपाण्यात दोन थेंब टाकले आणि दिवा धरला. घोंगडीच्या आत हिरवा उजेड पडला. त्यात आईचं नाकसुद्धा दिसायला लागलं.

"हे काय हिरवं?" शेदलियानं विचारलं.

"तांबं, उम्मी."

"माझ्या पाण्यात?"

"तुझ्या पाण्यात."

शेदलियानं दिव्यावर बोट ठेवलं. "दिवा कुणाचा?"

"विद्यापीठाचा."

"सरकारी ना? मग बिघडलाच असणार."

विदादनं दुकानातलं बाटलीचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले. काळोख. नळाचं घेतलं. काळोख. पुन्हा फुलपाणी घेतलं, पुन्हा नाक दिसलं. एवढ्यात भिंतीपलीकडून मन्नूबियानं हाक मारली, की भरदुपारी घोंगडीत काय चाललंय? खिडकीतून तिला सगळं दिसत असे. शेदलिया घोंगडीतूनच ओरडली की मला ताप आलाय. तासाभरात मन्नूबियाकडून सूपाचं पातेलं आलं आणि सोबत तिच्या फुलपाण्याची भली मोठी बाटली. तापावर उतारा म्हणून कपाळावर पट्ट्या ठेवायला सांगितलं होतं. शेदलियाला निमूटपणे दोन दिवस अंथरुणात पडावं लागलं.

तिसऱ्या दिवशी तिनं भांडं उघडून आत बघितलं. जिथे पांढरी कल्हई असायला हवी, तिथे नुसतं लाल तांबं होतं. विदादनं विचारलं, कल्हई शेवटची कधी केली होती?

"तुझे बाबा न्यायचे," शेदलिया म्हणाली.

विदादचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कल्हईवाला कुठला, कुठे बसतो, हे शेदलियानं कधी विचारलंच नव्हतं. ते पुरुषाचं काम. नवरा गेल्यावर कुणाला विचारावं, तर एकटी मन्नूबियाच. आणि मन्नूबियाला विचारणं म्हणजे माझं भांडं उघडं पडलंय, हे स्वतःच्या तोंडानं सांगणं. म्हणून दर वर्षी ती जरा जास्त घासायची. घासल्यानं उरलीसुरली कल्हईही गेली.

विदादनं समजूत घातली, की इतक्या अंशानं कुणी मरत नाही, फार तर गल्लीनं थोडी कळकलेली कॉफी प्यायली असेल. ही समजूत शेदलियाला अजिबात आवडली नाही. तिनं मुलीचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की ही गोष्ट या स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही. मन्नूबियाला कळली तर मी जिवंतपणी मेले. विदादनं शपथ घेतली. प्रयोगशाळेत तिनं सांगितलं की कॅन नीट धुतलेला नव्हता. लस्सादला संशय आला होता, पण पोटाच्या दृष्टीनं त्यालाही हीच गोष्ट बरी वाटली.

रेणू वाचला खरा, पण आता एक नवी अडचण. विदादनं समुद्राचं, विहिरींचं, नळांचं पाणी आणून तपासलं. कुठेच तांबं नव्हतं. म्हणजे प्रबंधात रेणू चमकत होता तो फक्त तिनं स्वतःच्या हातानं तांबं घातलेल्या पाण्यात. जगातल्या खऱ्याखुऱ्या पाण्यात त्यानं तांबं पकडलं होतं ते एकदाच, आणि त्यावर उम्मीच्या डोक्याची शपथ होती. सी बशीर प्रबंध वाचून म्हणाले, एखादा खरा नमुना असता तर... आणि छताकडे बघायला लागले.

परीक्षेच्या दिवशी अख्खं नाबुल ट्युनिसला लोटलं. आपल्याकडे मुलगी डॉक्टर होते म्हणजे लग्नच. ताटंच्या ताटं मिठाई, सरबत, कॉफीचे थर्मास, आत्या, मावश्या, चुलत्या. दाराशी टेबल मांडून शेदलिया प्रत्येकाच्या कॉफीत आपल्या ओळखीच्या निळ्या बाटलीतून फुलपाण्याचे थेंब घालत होती. परीक्षकांनाही तिनंच कॉफी दिली. मन्नूबियाचा हात पर्सकडे गेला होता, पण लोकांच्या देखत तिनं तो मागे घेतला आणि भावजयीनं दिलेली कॉफी घोटघोट प्यायली.

"कसं आहे?" शेदलियानं विचारलं.

"बरं आहे," मन्नूबिया म्हणाली. "वासाला जरा कमी पडलंय. तुझं नेहमी पडतंच."

शेदलिया नुसती हसली. तिचं हे गोड हसणं विदादला जरा विचित्रच वाटलं.

बाहेरच्या परीक्षक स्फॅक्सच्या प्राध्यापक नजीबा. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. विदादचं बोलणं संपल्यावर त्यांनी प्रबंध मिटला. म्हणाल्या, काम स्वच्छ आहे, मेहनत दिसते. पण पोरी, स्वतःच चप्पल लपवायची, स्वतःच शोधून काढायची आणि वर शाबासकी मागायची, याला मी शोध म्हणत नाही. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुला माहीत नसलेलं तांबं तुझ्या रेणूनं कधी पकडलंय का? एकदा तरी?"

विदादच्या जिभेवर उत्तर होतं. तिनं तिसऱ्या रांगेत बघितलं. उम्मी डोक्यावरचा रुमाल सारखा करत होती, नेमकं तेच डोकं. सी बशीर छताकडे बघत होते. सभागृह इतकं शांत झालं की पाठीमागे कुणीतरी चावत असलेल्या बदामाच्या वडीचा आवाज ऐकू आला. वर्षं गेली, स्थळ गेलं, आता हेही चाललं. 'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"पकडलंय," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

शेदलिया उभी होती. अध्यक्षांनी सांगितलं की बाई, पाहुण्यांना बोलायची परवानगी नाही. शेदलियानं ऐकलं नाही. ऐकायची तिला सवयच नव्हती.

"मी हिची आई. हिनं माझ्या डोक्याची शपथ घेतलीय, म्हणून ही गप्प आहे. डोकं माझं आहे, मी शपथ मोडते. माझ्या भांड्याची कल्हई गेलीय. माझ्या फुलपाण्यात तांबं उतरतं, मला माहीत नव्हतं, हिला माहीत नव्हतं. हिच्या त्या रेणूनं सांगितलं."

नाबुलच्या सगळ्या बायकांनी एकदम हातातल्या कॉफीकडे बघितलं. प्राध्यापक नजीबांनीही आपल्या रिकाम्या कपाकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, की दाराशी ती निळी बाटली आहे तीच ना? आणा इकडे.

लस्सादनं पडदे ओढले. विदादनं प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या काचेच्या छोट्या पेटीत बाटलीतलं पाणी घेतलं, त्यात रेणूचे दोन थेंब टाकले, दिवा लावला. सगळं सभागृह माना पुढे काढून बसलं.

काळोख. हिरवं काही नाहीच.

नजीबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. विदादनं दिवा बंद करून पुन्हा लावला. रेणूनं आजच दगा द्यावा? मग काळोखातून शेदलियाचा आवाज आला, या वेळी बराच खालच्या पट्टीतला.

"ते पाणी माझं नाही. बाटली माझी आहे. एवढं कळल्यावर माझं पाणी लोकांना कसं पाजू? आतलं मन्नूबियाचं आहे. माझ्या तापावर तिनं पाठवलं होतं."

सभागृहात एक लांबलचक 'अच्छा' उमटला. मन्नूबिया, जिनं नुकतंच स्वतःच्या पाण्याला वासाला कमी ठरवलं होतं, ती ताठ बसून समोर बघत राहिली.

शेदलियानं पर्समधून चांदीची गुलाबदाणी काढली. हे मात्र माझं आहे, ती म्हणाली. प्यायला नाही, पोरगी पास झाली की डोक्यावर शिंपडायला आणलं होतं. लस्सादनं दुसरी काचेची पेटी घेतली, त्यात गुलाबदाणीतलं पाणी ओतलं, थेंब टाकले, दिवा धरला.

हिरवा उजेड पसरला. पहिल्या रांगेतल्यांची तोंडं दिसायला लागली, सी बशीर यांचंसुद्धा; ते पहिल्यांदाच छताकडे बघत नव्हते.

नजीबांनी दोन्ही पेट्या हातात घेऊन शेजारी-शेजारी धरल्या, एक गप्प, एक चमकणारी. म्हणाल्या, दोन्ही चमकल्या असत्या तर मी म्हटलं असतं तुझा रेणू वेडा आहे. दोन्ही गप्प राहिल्या असत्या तर म्हटलं असतं मेला आहे. हा तर माणसं ओळखतो. मग त्यांनी त्या काळोख्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, ही मन्नूबिया कोण? मन्नूबिया उभी राहिली. आपल्याला एवढ्या लोकांत उभं केलं जाईल अशी तिनं तयारी केली नव्हती. नजीबा म्हणाल्या, बाई, तुमचं कोरं पाणी नसतं तर ही मुलगी आज पास झाली नसती.

परीक्षक आत जाऊन सल्लामसलत करून परत आले आणि विदादला डॉक्टर म्हणाले. आनंदाची पहिली ललकारी उठली ती मन्नूबियाची, इतकी लांब की तिचा दम संपायच्या आत बाकीच्यांना सुरुवातच करता येईना. शेदलिया मुलीला मिठी मारून ढसाढसा रडली. मग तिनं गुलाबदाणी तिच्या डोक्यावर पार उपडी केली, तांब्यासकट.

सगळे मिठाईकडे वळल्यावर विदाद बाहेर पायऱ्यांवर आली. तिथे तिची आई आणि आत्या एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. शेदलिया पर्सच्या चापाशी चाळा करत होती. मग तिनं विचारलं,

"तुझा तो कल्हईवाला कोण?"

"माझ्या भावाचाच," मन्नूबिया म्हणाली. "दर वर्षी मला विचारतो, दुसरं भांडं कुठेय म्हणून."

"मग सांगायचं नाहीस?"

"तू विचारायचं नाहीस?"

शेदलियानं रुमालानं नाक पुसलं. मन्नूबियानं आपल्या हातातला बदामाच्या वडीचा तुकडा मोडून अर्धा तिला दिला. शुक्रवारी दोघींनी मिळून भांडं त्याच्याकडे न्यायचं ठरलं. शेदलियानं वडी खाल्ली, बोटं झटकली.

"पण वासाला कमी होतं," ती म्हणाली. "तूच म्हणालीस."